हाकेला ओ देणारे यंत्र: हार्बर लाइनवरच्या नेम सर्व्हरांचा इतिहास

नेम सर्व्हर म्हणजे नावाने मारलेल्या हाकेला आकड्यांत ओ देणारे यंत्र. माणूस संकेतस्थळाचे किंवा ईमेलचे नाव लिहितो, पण जाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला आयपी पत्ता लागतो. या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, करते. ज्याने डोमेन घेतले आहे, त्याने त्याबद्दलची उत्तरे स्वतःच्या यंत्रावरून द्यायची, ही या व्यवस्थेतली सर्वांत जुनी आणि एकेकाळी सर्वांत स्वाभाविक पद्धत होती. भारतात तिचा बराचसा इतिहास मुंबईत आणि खाडीपलीकडच्या नवी मुंबईत घडला. त्याची काही महत्त्वाची ठिकाणे तर वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, बेलापूर, खारघर अशा हार्बर लाइनच्या एकाच पट्ट्यात सापडतात.

ही पद्धत समजून घ्यायला जुईनगरचा टपालाचा पत्ता उपयोगी पडतो. जुईनगर स्टेशन सानपाडा आणि नेरूळ यांच्या मध्ये आहे आणि ठाण्याहून येणाऱ्या ट्रान्स-हार्बर लाइनचा पनवेलकडे जाणारा फाटा तुर्भ्यानंतर इथे हार्बरला मिळतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर वसाहतींत, वसाहती सेक्टरांत आणि सेक्टर प्लॉटांत विभागले. सेक्टरांचे आकडे मात्र प्रत्येक वसाहतीत पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे नुसते ‘सेक्टर ११’ म्हटले तर रिक्षावाला आधी विचारतो, कुठला? सेक्टर ११ सानपाड्यात आहे, कोपरखैरण्यात आहे, बेलापुरात आहे, खारघरलाही आहे. मागे वसाहतीचे आणि शहराचे नाव जोडले की पत्ता पुरा होतो. डोमेनचे नाव असेच उजवीकडून वाचायचे असते: आधी देश, मग त्यातला वर्ग, मग संस्था आणि शेवटी संस्थेतले एखादे यंत्र. प्रत्येक पायरीवरचा सर्व्हर फक्त खालच्या पायरीचा कारभारी कोण एवढेच सांगतो. या सोपवण्याला डेलिगेशन म्हणतात. सगळ्या जगाची यादी कोणा एकाकडे नसते, हे या रचनेचे मोठेपण.

सुरुवातीला ती यादी खरोखरच एकाकडे होती. अमेरिकेतील अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ नावाच्या एका फायलीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती फाइल सांभाळी आणि बाकीचे सगळे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे शेकड्यांनी वाढली तशी ही पद्धत मोडकळीला आली. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा आरएफसी ८८२ आणि ८८३ या दस्तऐवजांत मांडला. १९८७ मध्ये त्यांची जागा आरएफसी १०३४ आणि १०३५ यांनी घेतली आणि आजही पाया तोच आहे. आराखडा प्रत्यक्षात आणणारा ‘बाइंड’ हा प्रोग्राम १९८४ मध्ये बर्कले विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी लिहिला. पुढे डेक कंपनीच्या केव्हिन डनलॅप यांनी आणि त्यांच्यानंतर पॉल व्हिक्सी यांनी तो सांभाळला. लिनक्सवर आजही त्याची चालती प्रक्रिया ‘नेम्ड’ याच नावाने दिसते.

भारतात ही विद्या अर्नेट प्रकल्पामार्फत आली. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या पैशातून १९८६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, होते. एनसीएसटी १९८५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील केंद्रातून वेगळे निघाले. जुहूला गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर त्याची इमारत होती आणि श्रीनिवासन रमाणी त्याचे संचालक होते. रमाणी यांचा २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तो याच कामासाठी. पहिली देवाणघेवाण एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून, डायल करून होई. परदेशाशी कायमचा दुवा १९८९ मध्ये अमेरिकेतील यूयूनेटशी जोडला गेला. त्याचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता.

त्या काळचे ईमेल पत्ते पाहिले की डीएनएसने कोणते ओझे उतरवले ते कळते. यूयूसीपी पद्धतीत पत्ता म्हणजे संपूर्ण वाटच असे. यूयूनेट, उद्गारचिन्ह, शक्ती, उद्गारचिन्ह, त्यापुढचे यंत्र आणि शेवटी माणूस, असे पाठवणाऱ्यालाच लिहावे लागे. ‘शक्ती’ हे एनसीएसटीच्या यंत्राचे नाव. मधले एखादे यंत्र बदलले की ज्याच्या-ज्याच्या वहीत जुना पत्ता आहे, त्या सगळ्यांची पत्रे अडकत. डोमेनच्या पद्धतीत पाठवणाऱ्याला वाट ठाऊक असण्याची गरज उरली नाही. नाव तेच राहते, वाट बदलली तर नावाच्या धन्याने आपल्या नेम सर्व्हरमधली एक ओळ बदलायची. स्वतःचा नेम सर्व्हर चालवण्यामागचा हेतू मुळात एवढाच होता आणि तो फार मोलाचा होता.

‘डॉट इन’ हे देशाचे डोमेन ८ मे १९८९ रोजी जागतिक यादीत नोंदले गेले. त्याचा कारभार एनसीएसटीकडे होता. म्हणजे १९९२ मध्ये वाशीपर्यंत आणि पुढच्या वर्षी जुईनगरवरून बेलापूरपर्यंत लोकल धावू लागली, त्याआधीच देशाच्या नावांचे मूळ मुंबईत रुजले होते. पुढे एनसीएसटीचे दुसरे संकुल सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ७ मध्ये, रेनट्री मार्गावर, खारघर स्टेशनसमोर उभे राहिले. डिसेंबर २००२ मध्ये ही संस्था सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झाली. जुईनगरहून गाडीत बसले तर नेरूळ, सीवूड्स, बेलापूर आणि पुढचे स्टेशन खारघर, इतके ते जवळ आहे.

डॉट इनखाली सरळ नाव त्या काळी कुणाला मिळत नसे. कंपन्यांना को डॉट इन, जाळे पुरवणाऱ्यांना नेट डॉट इन, संस्थांना ओआरजी डॉट इन, महाविद्यालयांना एसी डॉट इन आणि संशोधन संस्थांना आरईएस डॉट इन असे वर्ग पाडलेले होते. नावामागे खरी, नोंदलेली संस्था दाखवावी लागे आणि अर्जात नेम सर्व्हरांची नावे द्यावी लागत. ही शिस्त कडक होती. २००४ अखेरपर्यंत सगळी मिळून सुमारे ७ हजारच नावे नोंदली गेली होती. मुंबईच्या अनेक लहान कंपन्या डॉट कॉमकडे वळल्या, त्याचे एक कारण हेच होते. तरी या शिस्तीचा एक फायदा विसरता येत नाही: नाव मागणाऱ्याला नेम सर्व्हर म्हणजे काय, हे आधी शिकून घ्यावे लागे.

सामान्य ग्राहकासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. मुंबईच्या व्हिजिटिंग कार्डांवर तेव्हा ‘जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ असे लांबलचक पत्ते छापलेले असत. त्यातले बीएम म्हणजे बॉम्बे. हा पत्ता पुरवठादाराचा होता, ग्राहकाचा नव्हे. पुरवठादार बदलला की कार्डे नव्याने छापायची आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगत बसायचे. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना इंटरनेट पुरवण्याची मुभा मिळाली आणि पुरवठादार बदलणे नेहमीचे झाले. त्यामुळे स्वतःचे डोमेन ही चैन न राहता गरज झाली. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने महापे, पावणे, तुर्भे, शिरवणे असा पसरलेला एमआयडीसीचा टीटीसी औद्योगिक पट्टा या बदलाच्या ऐन वाटेवर होता. वाशी स्टेशनवर सिडकोने बांधलेल्या इंटरनॅशनल इन्फोटेक पार्कमध्ये २००० मध्ये सत्यम इन्फोवे, म्हणजे सिफी, या कंपनीने डेटा सेंटर सुरू केले. व्यापारी तत्त्वावर चालणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या डेटा सेंटरांत त्याची गणना होते.

यंत्र कोणते वापरायचे, या प्रश्नाचे उत्तर याच सुमारास बदलले. एनसीएसटी किंवा आयआयटीत नेम सर्व्हर महागड्या युनिक्स यंत्रांवर चालत. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सने ते काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत जुळवलेल्या साध्या पीसीवर आणले. मुंबईत लिनक्स डाउनलोड करणे परवडण्यासारखे नव्हते. टेलिफोनच्या लाइनवर ते कित्येक दिवसांचे काम होते. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने १९९६ पासून अंकाबरोबर लिनक्सच्या सीडी दिल्या आणि ही अडचण दूर केली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. बेळगावच्या गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते पुढे बंगळुरूला स्थायिक झाले आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. मासिकाच्या किमतीत पूर्ण सर्व्हर हातात पडतो, ही त्या वेळच्या विद्यार्थ्यांसाठी आणि छोट्या कंपन्यांच्या सिस्टिम पाहणाऱ्यांसाठी किती मोठी गोष्ट होती, हे आज फायबरच्या काळात सांगूनही पटणार नाही. त्या सीडींचे ऋण मोठे आहे.

सीडीवर बाइंड होताच, प्रश्न उरला तो शिकवणाऱ्याचा. पॉल अल्बिट्झ आणि क्रिकेट ल्यू यांचे ‘डीएनएस अँड बाइंड’ हे ओरायली प्रकाशनाचे पुस्तक १९९२ मध्ये निघाले. मुखपृष्ठावर नाकतोडे असलेले. ओरायलीच्या पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या श्रॉफ पब्लिशर्स काढत आणि त्यांवर सानपाड्याच्या रेल्वे कमर्शियल कॉम्प्लेक्सचा, पुढे पावणे एमआयडीसीचा पत्ता छापलेला असे. देशभर ज्यांनी नेम सर्व्हर उभे केले, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या हातातले पुस्तक जुईनगरच्या शेजारच्या स्टेशनावरून गेलेले होते.

आता प्रत्यक्ष काम. कंपनीने ६४ किलोबिटची लीज लाइन घेतली की पुरवठादार तिला आठ-सोळा स्थिर आयपी पत्ते देई. त्यांतला एक नेम सर्व्हरला द्यायचा, लिनक्स चढवायचे, बाइंड चालू करायचा आणि फायरवॉलमध्ये ५३ क्रमांकाचे पोर्ट उघडायचे. इथेच पहिला खड्डा असे. डीएनएसचे बहुतेक प्रश्न यूडीपीवरून येतात, म्हणून पुष्कळ जण तेवढेच उघडत आणि टीसीपी बंद ठेवत. दोन दिवस सगळे सुरळीत चाले. मग ५१२ बाइटांपेक्षा मोठे उत्तर द्यायची वेळ आली किंवा दुसऱ्या सर्व्हरने पूर्ण यादी मागितली की तेवढेच अडे. ही दोन्ही कामे तेव्हा टीसीपीवरून होत.

बाइंडची चौथी आवृत्ती ‘नेम्ड डॉट बूट’ नावाची छोटी फाइल वाचत असे. मे १९९७ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने तिच्या जागी ‘नेम्ड डॉट कॉन्फ’ आणली, महिरपी कंसांची आणि अर्धविरामांची. एक अर्धविराम राहिला तरी सर्व्हर उठायचाच नाही. २००० मध्ये नववी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिली गेली आणि आजचा बाइंड तिचाच वंशज आहे. रेड हॅटवर झोन फायली ‘व्हार’मधल्या ‘नेम्ड’ या फोल्डरमध्ये असत. डेबियनवर त्या ‘ईटीसी’मधल्या ‘बाइंड’ या फोल्डरमध्ये ठेवायची रीत आहे.

झोन फाइल ही या सगळ्याचा गाभा. तिच्या डोक्यावर एसओए नोंद असते: या झोनचा मुख्य सर्व्हर कोणता, कळवायचे कुणाला, सध्याचा सिरीयल क्रमांक कोणता आणि दुसऱ्या सर्व्हरने किती वेळाने येऊन पाहायचे. त्याखाली एनएस नोंदी, म्हणजे उत्तर द्यायचा अधिकार कोणाकडे आहे ते. मग टपाल कुणी घ्यायचे ते सांगणारी एमएक्स आणि नावांना पत्ते देणाऱ्या ए नोंदी. एमएक्ससमोर टोपणनाव, म्हणजे सीनेम, लिहायचे नाही हा नियम पुष्कळांनी मोडला आणि पुष्कळांची पत्रे त्यापायी अधूनमधून गहाळ झाली.

सगळ्यांत जास्त माणसे अडखळली ती एका टिंबावर. झोन फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावे लागते. ते टिंब म्हणजे झाडाचे मूळ. टिंब नसेल तर बाइंड समजतो की नाव अपुरे आहे आणि झोनचे नाव मागे जोडतो. समजा डोमेन मोगरा डॉट को डॉट इन आहे आणि टपालाच्या सर्व्हरचे नाव शेवटच्या टिंबाशिवाय लिहिले. मग जगाला उत्तर जाते ते ‘मेल डॉट मोगरा डॉट को डॉट इन डॉट मोगरा डॉट को डॉट इन’ असे. असे यंत्र अस्तित्वातच नाही. लॉगमध्ये चूक दिसत नाही, कारण लिहिण्याच्या नियमांनुसार सगळे बरोबर असते. सेक्टर ११ कुठला, हा जुईनगरच्या रिक्षावाल्याचा प्रश्न बाइंड विचारत नाही. तो समोरच्याच वसाहतीत गाडी घालतो.

सिरीयल क्रमांकाचीही अशीच गोष्ट. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१२ ने तो वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा कितवा बदल अशा दहा आकड्यांत लिहावा असे सुचवले. १ जुलै २००३ चा दुसरा बदल म्हणजे २००३०७०१०२. बदल केल्यावर हा आकडा वाढवला नाही तर दुसरा सर्व्हर जुनीच यादी सांगत बसतो. घाईत २००३ च्या जागी २०३० पडले तर आणखी पंचाईत होते: दुसरा सर्व्हर लहान आकडा स्वीकारत नाही आणि वर्षाप्रमाणे चालायचे तर सत्तावीस वर्षे थांबावे लागेल. त्यावर उपाय आहे. क्रमांक ३२ बिटांचा आणि चक्राकार मोजला जातो, म्हणून चुकीच्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवायचे, सगळ्या सर्व्हरांनी तो आकडा घेतला याची खात्री करायची आणि मग योग्य आकडा लिहायचा. चक्र पूर्ण फिरून तो पुन्हा ‘पुढचा’ ठरतो. हे गणित ज्याने एकदा रात्री कार्यालयात बसून केले, तो ते विसरत नाही.

उलटा शोध, म्हणजे पत्त्यावरून नाव, हा वेगळाच पेच होता. टपालाचे सर्व्हर समोरच्याचा आयपी पत्ता घेऊन त्याचे नाव विचारतात आणि ते मिळाले नाही तर पत्र संशयास्पद ठरवतात. पण उलटा झोन २५६ पत्त्यांच्या गठ्ठ्याने सोपवला जातो, लहान कंपनीकडे असत आठ. मार्च १९९८ च्या आरएफसी २३१७ ने यावर सीनेमची एक युक्ती सांगितली, ज्यामुळे पुरवठादाराला आठच पत्त्यांचा कारभार ग्राहकाकडे देता येतो. युक्ती चांगली होती. ती वापरायला पुरवठादाराकडे जाणता माणूस असावा लागे. त्यामुळे स्वतःचे डोमेन पूर्ण ताब्यात असूनही उलट्या नोंदीसाठी फोन करत राहणे अनेकांच्या वाट्याला आले.

या सगळ्यापेक्षा अवघड प्रश्न एकच होता आणि तो तांत्रिक कमी, भौगोलिक जास्त होता: दुसरा नेम सर्व्हर कुठे ठेवायचा? किमान दोन नेम सर्व्हर असावेत हा दंडक पहिल्यापासून आहे. लहान कंपन्या तो कसा पाळत? एकाच खोलीत, एकाच लीज लाइनवर, एकाच यूपीएसखाली दोन पीसी ठेवून. किंवा त्याहूनही सोपे, एकाच पीसीला दोन पत्ते देऊन. कागदावर दोन, प्रत्यक्षात एक. जुलै १९९७ च्या आरएफसी २१८२ ने स्पष्ट लिहिले की दुय्यम सर्व्हर भूगोलाने आणि जाळ्यानेही दूर असले पाहिजेत. नेम सर्व्हर बंद पडला की नुसते संकेतस्थळ दिसेनासे होत नाही, डोमेनचे सगळेच नाहीसे होते. टपालाचा सर्व्हर दुसऱ्या शहरात धडधडीत चालू असला तरी तो कुठे आहे हे सांगणारे कोणी नसते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, टेलिफोन एक्स्चेंजे बंद पडली, रेल्वे थांबली. मुंबईत असलेले डॉट इनचे सर्व्हरही त्या पुरात चालेनासे झाले आणि त्यांची मांडणी बदलावी लागली, असे नोंदणी सांभाळणाऱ्यांच्या हवाल्याने नोंदवले गेले आहे. देशाचे डोमेन तरीही टिकले, कारण त्याचे इतर सर्व्हर इतरत्र होते. ज्यांचे दोन्ही नेम सर्व्हर एकाच इमारतीत होते, त्यांना अशा दिवशी आधार नव्हता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली तेव्हाही कसोटी हीच होती.

पुराच्या वर्षीच डॉट इनचा कारभारही बदलला होता. १ जानेवारी २००५ पासून तो निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतील नव्या नोंदणीकडे गेला आणि सरळ डॉट इनखालची नावे खुली झाली. नोंदणी आता रजिस्ट्रार कंपन्यांमार्फत होऊ लागली. मुंबईची डायरेक्टी त्यांतली एक. रजिस्ट्रार नावाबरोबर स्वतःचे नेम सर्व्हर देऊ लागले. ग्राहकाला पडद्यावरच्या चौकटी भरल्या की काम होई, झोन फाइल पाहावी लागत नसे. २००५ मध्येच मूळ सर्व्हरांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरच्या आणि एकेका रोमन अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या सर्व्हरांच्या, प्रतिकृती भारतात बसल्या: मुंबईत आय, चेन्नईत एफ आणि दिल्लीत के. मुंबईतल्या प्रश्नाची पहिली पायरी आता परदेशात न जाता सुटू लागली.

स्वतः सर्व्हर चालवणाऱ्यांची संख्या घटण्यामागे सुरक्षेचे ओझेही होते. जुन्या मांडणीत एकच बाइंड दोन कामे करी: आपल्या डोमेनबद्दल जगाला उत्तरे देणे आणि आपल्या कार्यालयासाठी जगभरातली नावे शोधून आणणे. दुसरे काम साऱ्या जगासाठी उघडे राहिले तर तो सर्व्हर इतरांवर हल्ला करायला वापरता येतो. लहान प्रश्न, मोठे उत्तर, आणि उत्तर जाते ते प्रश्नात खोटेपणाने टाकलेल्या, बळी पडणाऱ्याच्या पत्त्यावर. जुलै २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी शोधलेला दोष जाहीर झाला. त्यातून शोधणाऱ्या सर्व्हरच्या स्मृतीत खोटी उत्तरे घुसवता येत होती आणि सगळ्या प्रमुख प्रोग्रामांना एकाच वेळी दुरुस्ती काढावी लागली. दोन कामे दोन प्रोग्रामांना वाटून देण्याचा आग्रह डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीजेबीडीएनएसने आधीच धरला होता. नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्जने केवळ उत्तरे देणारा एनएसडी आणि केवळ शोधणारा अनबाउंड असे वेगळे प्रोग्राम दिले. डेटाबेसमध्ये नोंदी ठेवणारा पॉवरडीएनएस २००२ मध्ये मुक्त झाला. उत्तरांवर सही करणारी डीएनएससेक ही पद्धत मूळ झोनला १५ जुलै २०१० रोजी लागू झाली. सही मुदतीत नवी केली नाही तर खरे उत्तरही खोटे ठरते, त्यामुळे एकट्याने सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या कामात भरच पडली.

मराठीसाठी या इतिहासात एक स्वतंत्र पान आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतले ‘डॉट भारत’ सुरू झाले आणि मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी यांच्यासह आठ भाषांना त्यात जागा मिळाली. नेम सर्व्हरला मात्र देवनागरी दिसत नाही. झोन फाइलमध्ये तेच नाव ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या रूपात लिहावे लागते. त्याला प्युनिकोड म्हणतात. इथे मराठीची एक खास अडचण निघाली. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फरक फक्त र कसा जोडला याचा. तो अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. त्यांतला एक प्रकार डोळ्यांना न दिसणाऱ्या जोडचिन्हावर अवलंबून आहे आणि अशा बिगररोमन डोमेननावांच्या २००३ च्या नियमांत ते चिन्ह गाळून टाकले जाई. परिणामी दऱ्याचे दर्या होई. २०१० च्या नियमांनी ते चिन्ह ठरावीक जागी चालू दिले, पण त्यामुळे सारख्याच दिसणाऱ्या नावाची दोन प्युनिकोड रूपे होऊ शकतात. देवनागरी नाव झोनमध्ये घालणाऱ्याने ते कसे टंकले गेले आहे, हे तपासूनच रूपांतर करावे.

आज जुईनगरमधल्या घरात किंवा शिरवण्याच्या गाळ्यात लिनक्स यंत्र ठेवून डोमेन चालवणे पुन्हा शक्य झाले आहे, पण मांडणी वेगळी. घरगुती फायबरवर बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ताच मिळत नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. म्हणून मुख्य सर्व्हर घरात लपवून ठेवतात. झोन फाइल तिथेच लिहिली जाते, सहीच्या किल्ल्याही तिथेच राहतात, पण एनएस नोंदींत त्याचे नाव नसते. जगाला उत्तर देतात ते भाड्याने घेतलेले दोन दुय्यम सर्व्हर, एक मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि दुसरा वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या देशात. घरच्या यंत्राने त्यांच्यापर्यंत उघडलेल्या खासगी बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, बदलाची सूचना जाते आणि ते सर्व्हर त्याच वाटेने यादी ओढून घेतात. मधला व्यवहार दोघांनाच ठाऊक असलेल्या किल्लीने, टीएसआयजीने, पडताळला जातो. घरची वीज गेली तरी एसओएमध्ये लिहिलेली मुदत संपेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, दुय्यम सर्व्हर उत्तरे देत राहतात, फक्त सह्यांची मुदत त्याआधी संपता कामा नये.

नेम सर्व्हरांची नावे त्याच डोमेनमधली असतील तर एक शेवटची गाठ उरते. मोगरा डॉट को डॉट इनचा पत्ता एनएस-वन डॉट मोगरा डॉट को डॉट इनला विचारायचा, आणि त्याचा पत्ता पुन्हा मोगराकडेच. हा फेरा तोडायला वरच्या झोनमध्ये त्या सर्व्हरांचे आयपी पत्ते नोंदवतात. त्याला ग्लू म्हणतात. ते रजिस्ट्रारकडे द्यावे लागतात आणि सर्व्हर हलवताना ते बदलायचे पुष्कळदा राहून जाते. म्हणून सर्व्हर हलवण्याआधी दोन दिवस टीटीएल, म्हणजे इतरांनी उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचे तो काळ, एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणायचा, जुना सर्व्हर काही दिवस चालूच ठेवायचा आणि ग्लू बदलल्यावर बाहेरच्या जाळ्यावरून ‘डिग’ ही आज्ञा ‘ट्रेस’सह चालवायची. ती मूळ सर्व्हरपासून निघते, डॉट इनकडे येते आणि शेवटी आपल्या दारात पोचते. मग प्रत्येक नेम सर्व्हरला वेगवेगळे विचारायचे. सगळ्यांचा सिरीयल क्रमांक एकच आला आणि उत्तराच्या माथ्यावर ‘एए’ ही अधिकाराची खूण दिसली, की जुना सर्व्हर बंद करायला हरकत नसते.